बालकाची वेदना आणि आपली सोबत

लहान मूल अंगणात धावता धावता पडते आणि त्याचा गुडघा फुटतो. घरातले वडीलधारे माणूस धावत येऊन त्याला उचलते आणि पहिली गोष्ट कोणती करते? जमिनीवर हात आपटून तिला शिक्षा करते. किंवा 'बघ, मुंगीचे घर मोडलेस' असे म्हणून त्या बालकाचे लक्ष न दिसणाऱ्या मुंगीकडे वळविते. रडे क्षणभर थबकते. तेवढ्या अवधीत जखम धुतली जाते. कडू औषधाचा चमचा पुढे करताना झाडावरचा काऊ आणि वळचणीची चिऊ यांना बोलावून घेतले जाते. दुखण्यावरून मन दुसरीकडे गेले की दुखणे हलके होते, ही गोष्ट कोणत्याही वैद्यकीय ग्रंथाचा आधार न घेता आपल्या आज्यांना ठाऊक होती.

आज हीच गोष्ट एका यंत्राच्या साहाय्याने केली जात आहे. भाजलेल्या मुलाची जखम साफ करताना, शिरेत सुई घालताना किंवा टाके काढताना त्याच्या डोळ्यांवर एक जाड चष्मा चढविला जातो. त्यात त्याला रुग्णालयाची खोली दिसत नाही. दिसते ते संगणकाने रचलेले दुसरेच जग. या तंत्राला 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी', म्हणजे आभासी वास्तव, असे म्हणतात. मूल त्या जगात रमते आणि इकडे त्याच्या देहावर करावयाचे काम उरकले जाते. हे ऐकून प्रथम समाधान वाटते. मग मनात काही प्रश्न उभे राहतात. बालकाचा देह एकीकडे आणि मन दुसरीकडे, अशी फारकत करणे योग्य आहे काय? ही दया आहे की फसवणूक? आणि हा चष्मा नेमकी कोणाची वेदना कमी करतो, बालकाची की भोवती उभ्या असलेल्या मोठ्या माणसांची?

या प्रश्नांकडे आम्ही केवळ कुतूहलाने वळलेलो नाही. आमचा धाकटा मुलगा सहा वर्षांचा असताना न्हाणीघरातील कढत पाण्याची बादली त्याच्या मांडीवर कलंडली. एक दिवसाआड मलमपट्टीसाठी न्यावे लागे. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असे. ती ओली करून सोडवायची, मेलेली कातडी काढायची, मग नवे औषध लावायचे, असे ते काम होते. पहिल्या दिवशी त्याच्या आईला बाहेर थांबण्यास आणि आम्हांला त्याचे पाय धरून ठेवण्यास सांगण्यात आले. आम्ही पाय धरले आणि म्हणालो, 'काही नाही रे, मुंगी चावल्यासारखे होईल.' पुढची वीस मिनिटे आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकलो नाही. समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होते, त्याकडे पाहत राहिलो. रात्री निजताना तो एवढेच म्हणाला, 'पप्पा, मुंगी नव्हती ती.' दुसऱ्या खेपेस रुग्णालयाच्या दाराशी रिक्षा थांबली, तेव्हा त्याने रिक्षाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

म्हणून जेव्हा आम्ही त्या यंत्राविषयी प्रथम वाचले, तेव्हा आमच्या मनात आले, हे त्या वेळी असते तर! पण लगेच दुसरा विचार आला. ते असते, तर ते कोणी घातले असते? मुलाने की आम्ही?

या उपचाराची सुरुवात अमेरिकेतील सिएटल शहरात झाली. तेथील हार्बरव्ह्यू रुग्णालय भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांसाठी प्रसिद्ध आहे. भाजण्याच्या वेदनेचे दोन भाग असतात. एक म्हणजे जखमेची सततची आग. ती मॉर्फिनसारख्या औषधांनी बऱ्याच अंशी आटोक्यात येते. दुसरा भाग म्हणजे जखम साफ करतानाची वेदना. ती पुष्कळदा औषधांनाही जुमानत नाही, आणि औषधाचे प्रमाण वाढवावे तर श्वासोच्छ्वासावर परिणाम होण्याचे भय असते. शिवाय ही वेदना एकदाच भोगून संपत नाही. ती पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे भोगावी लागते. या रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटरसन हे भाजलेल्या रुग्णांच्या वेदनेवर संमोहनाचा उपयोग करीत असत. १९९६ साली त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधक हंटर हॉफमन यांच्यासमवेत आभासी वास्तवाचा प्रयोग सुरू केला. २००० साली 'पेन' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात अवघे २ रुग्ण होते, एक १६ वर्षांचा आणि दुसरा १७ वर्षांचा. उपचाराच्या काही वेळात त्यांनी साधा व्हिडिओ गेम खेळावयाचा आणि काही वेळात आभासी जगात वावरावयाचे, अशी तुलना केली होती. दोघांनाही आभासी जगात असताना वेदना कमी जाणवली.

पुढे हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठीच एक जग रचले. त्याचे नाव 'स्नोवर्ल्ड', म्हणजे हिमलोक. मूल एका बर्फाळ दरीतून हळूहळू तरंगत जाते. खाली नदी वाहते, वर हिमकण पडत असतात. काठावर बर्फाचे बाहुले आणि पेंग्विन पक्षी उभे असतात आणि मूल त्यांच्यावर बर्फाचे गोळे फेकते. ज्याचा देह आगीने होरपळला आहे त्याच्या मनाला हिमाच्या प्रदेशात न्यावे, ही यामागील कल्पना. तिच्यात ज्ञानाबरोबर करुणाही आहे.

हे घडते कसे? पूर्वी असा समज होता की जखम ही घंटेसारखी आहे. इकडे दोरी ओढली की तिकडे मेंदूत ती तेवढ्याच जोराने वाजते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी या समजास धक्का दिला. जखमेकडून येणारी वार्ता मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत एका दारातून जाते आणि ते दार कमीजास्त उघडते, असे त्यांनी मांडले. त्या दारावर मेंदूचाही अधिकार चालतो. भय, एकटेपणा आणि वेदनेची वाट पाहत राहणे यांनी ते अधिक उघडते. लक्ष दुसरीकडे असले, मन निश्चिंत असले की ते काहीसे मिटते. या सिद्धान्तात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी त्याचा गाभा टिकून आहे. २००४ साली हॉफमन यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना सोसवेल इतका उष्णतेचा चटका देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. आभासी जगात असताना मेंदूतील वेदनेशी संबंधित अशा ५ भागांची हालचाल मंदावलेली आढळली. म्हणजे मूल केवळ कमी ओरडत नाही. त्याला खरोखरच कमी दुखत असते. आपल्या आजीची चिऊ म्हणजे नुसते मन रिझविणे नव्हते.

तरीही उत्साहाच्या भरात सत्याला सोडून चालणार नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने मुलांच्या तात्पुरत्या वेदनेवरील या उपचाराचा आढावा घेतला. त्यात ४ ते १८ वर्षे वयाच्या एकूण १००८ मुलांवरील १७ चाचण्या तपासल्या गेल्या. काहींत लाभ दिसला, काहींत दिसला नाही. आणि एकूण पुरावा दुबळा असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा निर्णय तिने दिला. काही मुलांना या चष्म्याने मळमळते. चेहरा वा डोके भाजलेल्यांना तो घालता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या अशा चष्म्यांच्या मोठ्या उत्पादकांनीही कित्येक वर्षे १३ वर्षांखालील मुलांना ते देऊ नयेत असे सांगितले होते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सिएटलच्या त्या पहिल्या प्रयोगापासून हा उपाय औषधांच्या जोडीला योजलेला आहे. औषधांच्या जागी तो आणावा असे त्याच्या जनकांनी सुचविले नव्हते.

इतके जाणून घेतल्यावर आता आपल्या प्रश्नांकडे वळू.

पहिली शंका श्रद्धावंतांच्या घरातून येते. आपण क्रूसासमोर गुडघे टेकणारी माणसे. उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची १४ स्थाने चालताना आपण दुःखाचे मोल जाणतो. घरातील आजारी माणसाला 'हे दुःख प्रभूला अर्पण कर' असे आपण सांगत आलो आहोत आणि त्या शब्दांनी अनेकांना बळ दिले आहे. मग वेदना पुसून टाकणे म्हणजे काही तरी मौल्यवान गमावणे नव्हे काय? फातिमाच्या संत जॅसिंटेचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या मनात उभे राहील. १९२० साली लिस्बनच्या रुग्णालयात त्या ९ वर्षांच्या बालिकेवर शस्त्रक्रिया झाली. अशक्तपणामुळे तिला पूर्ण भूल देता आली नाही, आणि तिने ती वेदना पाप्यांच्या परिवर्तनासाठी अर्पण केली.

पण हे उदाहरण नीट पाहिले तर ते आपल्याला वेगळाच धडा देते. जॅसिंटेने आपली वेदना स्वतः अर्पण केली. दुसऱ्या कोणी तिच्या वतीने ती अर्पण केली नाही. तिला पवित्र होता यावे म्हणून कोणी तिची भूल रोखून धरली नाही. तिच्या दुर्बल देहाला झेपेल तेवढी भूल डॉक्टरांनी तिला दिलीच. अर्पण हे मुक्त मनाचे कृत्य आहे. दुसऱ्याचे धन देवाच्या पेटीत टाकून कोणी दानशूर होत नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्याची वेदना अर्पण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मग ते आपले मूल असो.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून वेगळी नाही. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. श्रद्धेपोटी वेदनाशामके नाकारून शारीरिक वेदना स्वीकारण्याचे सर्वसाधारण नैतिक बंधन ख्रिस्ती माणसावर आहे काय, असा एक प्रश्न होता. तसे बंधन नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. इतकेच नव्हे, तर असह्य वेदना माणसाच्या आध्यात्मिक वाटचालीत अडथळाही ठरू शकते, हेही त्यांनी मान्य केले. ११ फेब्रुवारी १९८४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर 'साल्विफिचि डोलोरिस' हे प्रेषितीय पत्र लिहिले. दुःखाचे तारणदायी मोल सांगणारे हे पत्र आपल्या अखेरीस कोठे येऊन पोहोचते? दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याशी. दुःख सोसून भले करावे आणि दुःखिताचे भलेही करावे, या दोन्ही गोष्टी प्रभूने एकत्र शिकविल्या, असा त्या पत्राचा आशय आहे.

शुभवर्तमानातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. क्रूसावर खिळण्यापूर्वी प्रभू येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला, आणि त्याने तो घेतला नाही. वेदना बधिर व्हाव्यात म्हणून तो देत असत, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. परंतु त्याच प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात शोमरोनी मनुष्य वाटेवर पडलेल्या जखमी माणसाजवळ जातो, तेव्हा त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो. स्वतःसाठी जे नाकारले, ते दुसऱ्याच्या जखमेवर ओतण्यास प्रभू शिकवितो. आपले कर्तव्य कोणते हे यावरून कळते. आपल्या वाट्याच्या दुःखाचे काय करावे हे प्रत्येकाने प्रभूसमोर ठरवावे. दुसऱ्याच्या, त्यातही बालकाच्या, वेदनेपुढे ठरविण्याजोगे फारसे काही नाही. ती हलकी करावयाची.

हे वाटते तितके सर्वमान्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रगत देशांतील कित्येक रुग्णालयांत नवजात अर्भकांवर अपुऱ्या भुलीत, कधी तर केवळ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर, शस्त्रक्रिया होत असत. त्यांचे मज्जातंतू अपक्व असतात, त्यांना वेदना कळत नाही, आणि कळली तरी ती त्यांच्या स्मरणात राहत नाही, असा समज होता. भूल देण्याचे भयही होते. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी तेथे अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा अभ्यास केला. ज्यांना प्रभावी वेदनाशामक दिले गेले, त्यांच्या देहावरील ताण कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होती, असे त्यांना आढळले. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात अर्भकांनाही भूल दिली जावी असे जाहीर केले. 'लेकरू आहे, विसरून जाईल' हे वाक्य आपल्याही घरांत किती सहज उच्चारले जाते! पण लेकरू विसरत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की पहिल्या वेळी ज्या लहान मुलांना वेदनाशामक मिळाले नव्हते, त्यांना पुढील खेपांना औषध मिळूनही अधिक दुखले. रिक्षाचा दांडा धरून बसलेल्या मुलाने आम्हांला हेच सांगितले होते.

दुसरी शंका सत्यासंबंधी आहे. खोटे हिम दाखवून खरी सुई टोचणे ही फसवणूक नव्हे काय? संत ऑगस्टिन यांनी असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि चांगल्या हेतूने बोललेले असत्यही असत्यच होय, असा कठोर निर्णय दिला. तो निर्णय आम्हांला मान्य आहे. पण असत्य नेमके कोठे असते ते शोधले पाहिजे. गोष्ट सांगणारी आजी खोटे बोलत नाही, कारण ही गोष्ट आहे हे तिला ठाऊक असते आणि नातवालाही ठाऊक असते. हिमाच्या दरीत गोळे फेकणाऱ्या मुलालाही आपण रुग्णालयात आहोत याचे भान असते. ते खेळ म्हणून त्या जगात शिरते. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होती ती आमच्या मुंगीत. ज्या क्षणी आपण 'दुखणार नाही' असे म्हणतो आणि दुखते, त्या क्षणी आपण असत्य बोललेलो असतो. आणि ज्या क्षणी मूल खेळात गुंग झालेले पाहून, त्याला काहीही न सांगता, कोणी पाठीमागून सुई टोचते, त्या क्षणी ते सुंदर हिम सापळा बनते. पुढच्या वेळी ते मूल सुईला भिईलच, पण खेळालाही भिईल आणि त्याच्या हाती खेळ देणाऱ्या मायेच्या हातालाही भिईल. विश्वास गेलेल्या मुलाला कोणतेही यंत्र शांत करू शकत नाही.

म्हणून चष्मा चढविण्यापूर्वी सत्य सांगावे. काय करणार आहेत, किती वेळ लागेल, कोठे दुखेल, हे मुलाच्या शब्दांत सांगावे. मग त्याला विचारावे, तुला हे जग पाहायचे आहे की आपल्या जखमेकडे पाहायचे आहे? काही मुलांना आपल्या देहावर काय चालले आहे ते पाहण्यातच धीर वाटतो. त्यांच्यावर चष्मा लादू नये. सहा वर्षांच्या मुलाचेही मन असते आणि देवाने ते मोठ्यांच्या सोयीसाठी घडविलेले नाही.

तिसरी शंका आम्हांला सर्वांत अधिक छळते. मलमपट्टीच्या त्या खोलीत एकाच वेळी तीन वेदना असतात. एक बालकाची, दुसरी त्याच्या आईबापांची आणि तिसरी जखम साफ करणाऱ्या परिचारिकेची. दिवसभर मुलांच्या किंकाळ्या ऐकत आपले कर्तव्य करीत राहणे सोपे नसते. मूल शांत राहिले की तिघांचाही भार हलका होतो, आणि यात वाईट काही नाही. पण धोका येथेच दबा धरून असतो. शांत मूल म्हणजे वेदनारहित मूल, असे मानण्याचा मोह होतो. चष्म्याआड डोळे झाकलेले असतात. भरून आलेले डोळे कोणाला दिसत नाहीत. उद्या एखादे रुग्णालय म्हणू शकेल की चष्मा आहे, मग औषध थोडे कमी चालेल. चष्मा आहे, मग आईला आत घेण्याची गरज नाही. चष्मा आहे, मग एक परिचारिका पुरे. एकेकाळी हे यंत्र अतिशय महाग होते. आता मोबाइल फोन बसविलेल्या पुठ्ठ्याच्या चष्म्यातही त्याची साधी आवृत्ती पाहता येते. माणसाचा वेळ मात्र स्वस्त होत नाही. जेथे स्वस्त वस्तू आणि महाग माणूस यांतून निवड करावयाची असते, तेथे काय घडते हे आपण जगात रोज पाहतो.

आणि रुग्णालयापर्यंत तरी कशाला जावे? जेवताना मूल हट्ट करू लागले की त्याच्यापुढे मोबाइल येतो. मिस्सेच्या वेळी चुळबुळ करू लागले की मागच्या बाकावर मोबाइल येतो. घरात कोणी वारले आणि मूल प्रश्न विचारू लागले, तरीही मोबाइलच येतो. जखम साफ करतानाची वेदना निरर्थक असते आणि ती टाळणे हे कर्तव्य आहे. परंतु कंटाळा, वाट पाहणे आणि दुःखाविषयीचे प्रश्न यांतून तर मूल वाढते. या दोहोंतला फरक आपण विसरलो, तर बालकाच्या प्रत्येक अस्वस्थतेवर एकच झापड बांधू लागू, आणि त्याला सोबत देण्याची आपली सवय मोडून जाईल.

गेथशेमनीच्या बागेत प्रभूने आपल्या तीन शिष्यांना जवळ घेतले. त्याने त्यांच्याकडे काय मागितले? वेदना दूर करण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती आणि ती त्याने मागितलीही नाही. त्याने एवढेच मागितले की त्यांनी जवळ राहावे, जागे राहावे. तेवढेही त्यांना जमले नाही. ते झोपी गेले. क्रूसाजवळ पवित्र मरिया उभी राहिली. तिलाही एक खिळा सैल करता आला नाही, पण तिने मान फिरविली नाही. जॅसिंटेच्या चरित्रातील सर्वांत करुण भाग आम्हांला तिच्या शस्त्रक्रियेचा वाटत नाही. २० फेब्रुवारी १९२० च्या रात्री, घरचे कोणीही जवळ नसताना, त्या परक्या शहरात तिने प्राण सोडला, हा भाग आम्हांला अधिक करुण वाटतो. देहाची वेदना औषधाने कमी होते, यंत्राने कमी होते. एकटेपणाची वेदना दुसऱ्या माणसावाचून कमी होत नाही.

मात्र या विचाराची उलटी बाजूही तितकीच खरी आहे. हात हातात धरून बसलो म्हणजे झाले, असे म्हणून औषधाविषयी वा अशा उपायाविषयी न विचारणे हेदेखील जागे राहणे नव्हे. शोमरोनी मनुष्य जखमी माणसाशेजारी बसून केवळ अश्रू ढाळीत राहिला नाही. त्याने तेल वापरले, द्राक्षारस वापरला, आपले जनावर वापरले, पैसाही वापरला. आणि त्या रात्री उतारशाळेत त्याची सेवाही केली. साधन आणि सोबत ही दोन्ही त्याच्या दयेत एकत्र होती.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. बालकाची वेदना कमी करणारे साधन उपलब्ध असेल तर ते निःशंकपणे वापरावे. श्रद्धा त्याच्या आड येत नाही. पण त्यापूर्वी सत्य सांगावे. योग्य ते वेदनाशामक दिले आहे ना, हे डॉक्टरांना नम्रपणे पण निश्चितपणे विचारावे. आत थांबू देण्याची विनंती करावी. मुलाच्या डोळ्यांवर चष्मा असला तरी त्याचा एक हात आपल्या हाती असावा, म्हणजे त्या हिमाच्या दरीतही आपण एकटे नाही हे त्याला कळेल. आणि काम संपल्यावर त्याला विचारावे, 'किती दुखले?' तो सांगेल ते खरे मानावे. आभासी चष्मा असेल तर मुलाच्या डोळ्यांवर असू द्यावा. आपले डोळे मात्र उघडे असावेत.

आमचा तो मुलगा आता स्वतः बाप झाला आहे. गेल्या वर्षी त्याच्या मुलीची हनुवटी फुटली आणि टाके घालावे लागले. टेबलावर निजविल्यावर तो तिला म्हणाला, 'दुखेल. थोडा वेळ दुखेल. मी हात धरून आहे.' डॉक्टरांनी जागा बधिर करणारे इंजेक्शन दिले. परिचारिकेने मोबाइलवर सशाची गोष्ट लावून दिली आणि मुलीने ती पाहिलीही. ती रडली, पण तिने बापाचा हात सोडला नाही, आणि त्यानेही तिच्या चेहऱ्यावरून नजर हलविली नाही. आम्ही दाराशी उभे होतो. त्या खोलीच्या भिंतीवर कॅलेंडर होते की नव्हते, हे आम्हांला आठवत नाही.